‘आप्पा, कोणाले ईचारून?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तापीकाठच्या एका गावातले केळी उत्पादक, वय ६४. गाव त्यांना आप्पा म्हणतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी अठरा शेतकऱ्यांचा गट उभा केला. आज त्याची शेतकरी उत्पादक कंपनी झाली आहे, सभासद दोनशेच्या वर गेले आहेत आणि पहिल्या दिवसापासून अध्यक्ष तेच आहेत. गेल्या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे त्यांनी स्वतःच्या शब्दावर सोळा गाड्या माल एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिला. पैसे पाच महिने अडकले. सभेत एक तरुण सभासद उभा राहिला आणि म्हणाला, ‘आप्पा, कोणाले ईचारून दिला माल?’ त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे तरुणांनी त्यांना वगळून वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. येत्या महिन्यात नवं संचालक मंडळ बसेल. काही जण त्यांच्या पुतण्याचं नाव पुढे करत आहेत, तो कृषी पदवीधर आहे. काही जण पॅकहाऊस, म्हणजे माल धुऊन खोक्यांत भरायची जागा, सांभाळणाऱ्या एका संचालक ताईंचं नाव घेतात. आप्पा विचारतात: ‘शिवरायांच्या काळापासून पुढाऱ्याचे गुण तेच आहेत. धाडस, शब्द आणि जरब. ह्याच गुणांवर मी हे सगळं उभं केलं. मग तेच आज दोष कसे झाले? ह्या पोरांत एकही पुढारी नाही, एका निर्णयाला चार दिवस लावतात. मी पुन्हा उभा राहू, पुतण्याला तयार करू, की सगळं सोडून घरी बसू?’

आप्पा, नमस्कार.

सगळं गाव तुम्हाला आप्पा म्हणतं, मीही तेच म्हणते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पाच पानांपैकी चार पानं तुम्ही जुन्या दिवसांवर लिहिली आहेत, आणि त्याबद्दल शेवटी माफीही मागितली आहे. ती मागायला नको होती, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या चार पानांतच आहे.

त्यातला काट्यावरचा प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. गटाचं पहिलंच वर्ष. व्यापाऱ्याचा माणूस प्रत्येक गाडीमागे मनाला येईल तेवढी कटती, म्हणजे वजनातली कपात, धरत होता, चांगला माल वापसीत, म्हणजे नाकारलेल्या मालात, ढकलत होता. बाकीचे सतरा जण माना खाली घालून उभे. आणि तुम्ही सरळ वजनकाट्यावर जाऊन मांडी घालून बसलात. म्हणालात, ‘आधी माझं वजन कर, आणि माझ्यातून किती कापतोस ते सांग.’ दोन तास गाडी भरली गेली नाही. शेवटी कटती उतरली.

आप्पा, त्या दिवशी गावाला नेमका असाच माणूस हवा होता. आठवून बघा, तेव्हा काय काय नव्हतं. दिल्लीत केळी काय भावाने गेली हे व्यापारी सांगेल तेच खरं. गाडी कधी लागेल हे त्याच्या हातात. तालुक्याला साहेबाच्या खोलीत शिरायचं तर ओळख पाहिजे किंवा छाती पाहिजे. भाव, गाडी आणि साहेबाचा कान ह्या तिन्ही गोष्टी बंद दारांच्या मागे होत्या, आणि दारावर लाथ मारायची ताकद ज्याच्यात तो पुढारी. तुमच्यात ती होती.

पण एक बारीक गोष्ट तुमच्या पत्रातूनच मला दिसली. तुमची जरब तेव्हा गावावर नव्हती, ती व्यापाऱ्यावर होती, साहेबावर होती. तिचं तोंड बाहेर होतं, म्हणून गावाला तिचा आधार वाटला. गेल्या उन्हाळ्यात सभेत तुम्ही त्या पोराला ‘खाली बस’ म्हणालात. जरब तीच, आवाजही तोच. फक्त तिचं तोंड आत वळलं होतं.

तुमचे गुण दोष झाले असं मला वाटत नाही. धाडस आजही चांगलं, शब्द आजही मोलाचा. पण पुढाऱ्यात काय हवं हे पुढाऱ्याच्या स्वभावावरून ठरत नाही, गावात त्या घडीला कशाची उणीव आहे त्यावरून ठरतं. तुमची बावीस वर्षांपूर्वीची उणीव तुम्हीच भरून काढलीत. आज बाजार समितीचा भाव पोरांच्या फोनवर सकाळी चहाच्या आत येतो. खरेदीदार स्वतः फोन करून बागेत येतो. ती दारं आता उघडी आहेत आणि ती उघडण्यात तुमचा हात आहे.

मग आज काय कमी आहे? तुमच्याच व्यवसायातलं सांगते. बसराई आणि श्रीमंती ह्या जुन्या वाणांचे कंद लावायचे दिवस गेले, आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या, टिश्यू कल्चरच्या रोपांची ग्रँड नैन आहे. कंटेनरने बाहेर जाणारा माल फणीफणीने बघितला जातो, तेरा किलोच्या खोक्यात भरला जातो, आणि तेरा-चौदा अंशांच्या गारव्यात प्रवास करतो. त्याहून गार झाला तर साल काळवंडते, गरम राहिला तर वाटेतच पिकतो. कोणत्या बागेत काय फवारलं, कधी फवारलं, घडाला पिशवी केव्हा घातली, हे सगळं खरेदीदार विचारतो. ही माहिती अध्यक्षाच्या डोक्यात नसते. ती दोनशे शेतकऱ्यांच्या डोक्यांत विखुरलेली असते, आणि ती बाहेर यायला हवी. पूर्वी पुढाऱ्याचं काम बाहेरच्यांशी बोलण्याचं होतं. आता आतल्यांना बोलतं करण्याचंही आहे, आणि जरबेपुढे माणूस मोकळं बोलत नाही.

ह्याचं सगळ्यात टोकदार उदाहरण म्हणजे सीएमव्ही हा केळीचा विषाणूजन्य रोग, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात. पावसाची झड लागली, आभाळ आठ-आठ दिवस उघडलं नाही की कोवळ्या बागेत पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागतात. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं, नष्ट करायचं आणि मावा आटोक्यात ठेवायचा, कारण रोग मावा पसरवतो आणि मावा बांध ओळखत नाही. आता विचार करा. ज्याच्या बागेत पहिली वीस झाडं पिवळी पडली, त्याने काय करावं? सांगितलं तर वीस झाडं उपटा म्हणतील, शिवाय ‘ह्याच्या बागेतून रोग आला’ असा बोभाटा. गप्प राहिला तर पंधरा दिवसांत शेजारच्या चार बागा जातात. अशा वेळी काट्यावर बसणारा माणूस काय करील? रोग त्याला घाबरत नाही. शेतकरी मात्र घाबरतो, आणि घाबरून लपवतो. तिथे असा पुढारी लागतो ज्याला रात्री दहा वाजता फोन करून ‘माझ्या बागेत पिवळं दिसतंय, काय करू?’ म्हणायला लाज वाटत नाही, भीती वाटत नाही.

तुम्हाला एक प्रश्न विचारते, उत्तर मला कळवू नका, स्वतःला द्या. गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडे वाईट बातमी घेऊन पहिल्यांदा कोण आलं? की वाईट बातमी तुमच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोचते?

आता शिवरायांबद्दल. त्यांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून लिहिते. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली जे लागलं ते धाडस होतं. सहाच वर्षांनी, १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहात त्यांनी तेवीस किल्ले दिले. माणूस तोच. पण त्या घडीला प्रजा आणि राज्य वाचवायचं तर हातचं सोडायची ताकद लागत होती, आणि ती त्यांनी दाखवली. पुढे राज्याभिषेकानंतर कारभार अष्टप्रधानांत वाटलेला दिसतो. आपण पोवाड्यात पहिला प्रसंग गातो, म्हणून आपल्याला वाटतं गुण एकच होता.

आणि शिवकाळापर्यंत कशाला जायचं? तुमच्या गावापासून फैजपूर फार लांब नाही. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. त्याआधीची अधिवेशनं शहरांत व्हायची. काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळात पुढारी म्हणजे उत्तम इंग्रजी भाषण करणारा, सरकारला मुद्देसूद अर्ज लिहिणारा वकील. त्या काळाला तेच हवं होतं. पुढे स्वातंत्र्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यापर्यंत आणि कर्जापर्यंत येऊन पोचला, तेव्हा त्या वकिलांनाही खेड्याच्या धुळीत येऊन बसावं लागलं. फैजपूरला शेतीच्या प्रश्नांचा कार्यक्रमच मांडला गेला. चांगलं भाषण हा काही दोष ठरला नव्हता. पण आता तेवढ्यावर भागणार नव्हतं.

तुमच्या पत्रातल्या आणखी एका समजुतीला मला हात लावायचा आहे. तुम्ही म्हणता, सगळ्यांना विचारून चालणं ही ह्या नव्या पोरांची टूम आहे, आपल्या मातीत असं नव्हतं. आप्पा, हे खरं नाही.

माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथे फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भुसार, हे गावाने बसून ठरवायचं. पाऊस कमी झाला तर ह्या वर्षी एखादा फड भिजवायचाच नाही, हेही गावानेच ठरवायचं. लहानपणी सुट्टीत मी पाटकऱ्याच्या मागे हिंडायचे. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, खांद्यावर फावडं. एका शेताची पाळी संपली की वाकून दोन फावडी चिखल टाकायचा, वर गवताचा पुंजका दाबायचा, आणि टाचेने थापटायचा. पाणी पुढच्या शेताकडे वळायचं. एकदा एक मोठे शेतकरी बांधावरून म्हणाले, ‘अजून अर्धा तास राहू दे.’ पाटकरी मान वर न करता म्हणाला, ‘पाळी संपनी.’ बस, दोन शब्द. मोठे शेतकरी काही बोलले नाहीत. त्या पाटकऱ्याला जरब नव्हती, जमीन नव्हती, त्याचा आवाजही मला नीट आठवत नाही. त्याच्यामागे सगळ्यांनी मिळून केलेला नियम उभा होता, म्हणून त्याचं चालायचं. त्यालाही मी नेतृत्वच म्हणते. आपल्या खानदेशात ते फार जुनं आहे.

आता तुमच्या तीन वाटांकडे येते.

पुन्हा उभं राहायचं का? तुम्ही जिंकाल, ह्यात मला शंका नाही. उत्पादक कंपनीत एका सभासदाला एक मत, मग त्याची केळी दोन एकर असो की वीस. तुमच्या उपकाराखाली असलेली शंभर घरं तरी असतील. पण त्या मतांतली किती मतं पुढच्या पाच वर्षांच्या कामासाठी असतील आणि किती मागच्या बावीस वर्षांच्या ऋणासाठी? ऋणाची मतं घेऊन निवडून येता येतं, पण त्या मतांच्या जोरावर बागेतलं पिवळं पान कोणी दाखवायला येत नाही. उभे राहूच नका असं मी म्हणत नाही. नुसतं कोणाला खाली बसवायला उभे राहू नका.

घरी बसायचं का? ही वाट मला सगळ्यांत कमी आवडते. रागाने सोडलेली खुर्ची रिकामी राहत नाही, तिच्यावर सोडणाऱ्याचा राग बसून राहतो. आणि तुमच्याकडे जे आहे ते कोणत्याच कागदावर नाही. कोणता व्यापारी वादळात बागा झोपल्या तेव्हाही शब्दाला जागला, कोणी भाव पडताच फोन बंद केला, कोणत्या दोन भावांना शेजारी बसवून माल तोलायचा नाही. तुम्ही उद्या घरी बसलात तर हे सगळं तुमच्याबरोबर ओट्यावर बसेल.

मी धुळ्यात अकरा वर्षं एका बचतगटाची अध्यक्ष होते. सगळ्या वह्या माझ्याच कपाटात, किल्ली माझ्याच कमरेला. मला वाटायचं, माझ्यामुळे गट नीट चालतो. एका जुलैत मला दवाखान्यात भरती व्हावं लागलं, अठरा दिवस. त्या दिवसांत आमच्यातल्या एकीला मुलीच्या प्रवेशासाठी नऊ हजार हवे होते. पैसे बँकेत होते, पण खात्यावर सही माझी आणि वही माझ्या कपाटात. मुलीचा प्रवेश हुकला, तिचं वर्ष गेलं. ती बाई मला भेटायला आली तेव्हा एक शब्द बोलली नाही. संत्री घेऊन आली होती. त्या पिशवीकडे बघताना मला कळलं की माझा काटेकोरपणा गटाला वर्षानुवर्षं उपयोगी पडला आणि कधीतरी, मला न कळता, तो गटाच्या वाटेत उभा राहिला. नेमका कधी, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाही तो दिवस कळला नाही ह्याचं मला नवल वाटत नाही.

मग पुतण्याला तयार करायचं? इथे जरा थांबा. पुतण्याबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंत आणि पॅकहाऊसच्या ताईंबद्दल एक ओळ. त्या एका ओळीत मात्र तुम्ही सांगून गेलात की अडकलेल्या पैशांपैकी निम्मे त्यांनीच फोनवर फोन करून सोडवून आणले, आणि हंगामात पंचवीस बायका त्यांच्या हाताखाली विनातक्रार काम करतात. आप्पा, ज्या कामावरून तुम्ही माणसाला पुढारी म्हणता, तेच काम ताईंनी केलंय. त्यांनी आवाज चढवला नाही म्हणून तुम्हाला ते दिसलं नसेल. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव होऊन दशक उलटलं. पहिल्या पाच वर्षांत लोक नवऱ्याकडे बघून बोलायचे. आता कित्येक गावांत सरळ सरपंचबाईंशी बोलतात. पुतण्या वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ‘तयार करू’ ह्या शब्दात तुम्ही निवड आधीच करून टाकली आहे, आणि ती निवड सभासदांची आहे. सभासद संचालक निवडतील, आणि ते संचालक अध्यक्ष निवडतील. तुम्ही दोघांनाही सारखा वेळ द्या, सारख्या वह्या दाखवा.

चौथी एक वाट आहे, जी तुम्ही विचारली नाहीत. ती सुचली साने गुरुजींमुळे.

१९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळायचे. मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांच्यासाठी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहायचे. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. प्रत्येक वेळी त्यांच्याकडून निराळं काही मागितलं गेलं आणि त्यांनी ते दिलं. पण मला सांगायचंय ते मधल्या १९३२ सालाबद्दल. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. खानदेशातल्या पोरांचे लाडके गुरुजी, ज्यांच्या शब्दावर मुलं घर सोडून निघायची, ते तिथे खाली बसून वही काढायचे आणि विनोबांचं बोलणं उतरवून घ्यायचे. ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत, कारण एका पुढाऱ्याने त्या वेळी लेखनिक होणं पत्करलं.

तुम्ही पुढचे सहा महिने लेखनिक व्हा, आप्पा. दोन अर्थांनी.

एक म्हणजे सभेत खुर्ची बाजूला घ्या आणि इतिवृत्त तुम्ही लिहा. लिहिणाऱ्याला मध्ये बोलता येत नाही, आणि त्याला प्रत्येकाचं पूर्ण ऐकावं लागतं. पहिल्या दोन सभा जड जातील. तिसऱ्या सभेत तुम्हाला ऐकू येईल की ती पोरं चार दिवस नुसता घोळ घालत नाहीत.

दुसरं, एक दोनशे पानी वही आणा आणि तुमच्या डोक्यातलं सगळं तिच्यात उतरवा. व्यापारी, त्यांचे व्यवहार, उधारीचे अनुभव, कोणत्या वर्षी वादळाने किती बागा झोपल्या आणि पंचनाम्याला कोण आलं होतं. अक्षर कसंही असो. पुतण्याला सांगितलंत तर तो टाईप करून देईल, आणि त्या निमित्ताने तुमच्याजवळ बसेल.

तुम्ही केळीवाले आहात, तुम्हाला मी काय सांगणार? घड कापल्यावर जुनं झाड तुम्ही लगेच मुळासकट काढत नाही. खोड उभं ठेवता, त्यातला रस पिलाला जातो. पण वरची पानं मात्र छाटता, नाहीतर पील सावलीत पिवळं पडतं. दोन्ही कामं एकाच आठवड्यात करता.

पोरांच्या बाजूनेही मला बोललं पाहिजे, आणि त्यांच्या विरुद्धही. चार दिवसांची तुमची तक्रार खरी आहे. पिकलेला घड बैठकीसाठी थांबत नाही. म्हणून कोणता निर्णय एकट्याने घ्यायचा आणि कोणता सगळ्यांनी, ह्याची हद्द आधी आखून ठेवा. कापणीचा दिवस, गाडी, मजूर, रोजच्या भावातली थोडीफार वर-खाली हे पॅकहाऊस सांभाळणाऱ्याने त्याच दिवशी ठरवावं, कोणाला विचारू नये. उधारीवर माल द्यायचा असेल तर तीन संचालकांच्या सह्या लागतीलच, अध्यक्ष कोणीही असो. एखाद्या खरेदीदाराला हंगामभरासाठी बांधून घ्यायचं तर सभा. एवढं एका कागदावर लिहून पॅकहाऊसच्या भिंतीला लावा. गेल्या उन्हाळ्यात हा कागद असता तर सोळा गाड्या गेल्या नसत्या, आणि गेल्या असत्या तरी दोष एकट्या तुमच्या डोक्यावर आला नसता. पाटकऱ्याच्या मागे जसा नियम होता, तसा तुमच्याही मागे राहिला असता.

आणि ज्या तरुणांनी वेगळा ग्रुप काढला, त्यातला कोणी हे वाचत असेल तर त्याला मी थेट सांगते. तुमचा प्रश्न बरोबर होता, जागाही बरोबर होती. सभेत विचारणं हा तुमचा हक्क. पण नंतर पाठीमागे ग्रुप काढणं हे आप्पांच्याच जुन्या सवयीचं दुसरं रूप झालं, कारण त्यातही सगळ्यांना न विचारता काही जणांनी ठरवलं. त्यांना घ्या त्या ग्रुपमध्ये. आणि त्यांना मानाचं पद देऊन भिंतीवर टांगू नका, काम द्या. थकलेली वसुली द्या, बांधावरच्या भांडणांचा निवाडा द्या. फळपीक विम्याचं घ्या. तिथे आता महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर भरपाई ठरते. ते आकडे वाचणं तुमचं काम. पण भरपाई हुकलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन ती का हुकली हे समजावणं तुम्हाला जमणार नाही, आप्पांना जमेल.

हे पत्र केळीचं आहे म्हणून विकास सोसायटीच्या, पाणी वापर संस्थेच्या, भजनी मंडळाच्या, शाळा समितीच्या वाचकांनी पान उलटू नये. तुमच्या संस्थेत जो कोणी पंधरा-वीस वर्षं पुढे आहे, त्याला हाकलण्याआधी स्वतःला विचारा की तो आला तेव्हा काय नव्हतं आणि आज काय नाही. आणि तुम्ही स्वतःच पंधरा-वीस वर्षं पुढे असाल तर तुमच्या कपाटाची किल्ली आज कोणाकडे आहे ते बघा.

काही गोष्टी बदलत नाहीत, आप्पा, आणि त्या तुमच्याकडे आहेत. हिशोब चोख, आणि कोणाच्या घरी मयत झालं तर तुम्ही तिरडी बांधायला पहिले. ह्याबद्दल मला अधिक लिहायची गरज वाटत नाही, त्यावर तुमच्या गावात कोणाचंच दुमत नाही.

पण एक राहिलंय. सोळा गाड्यांबद्दल तुम्ही सभेत अजून काही बोलला नाहीत. पत्रात तुम्ही त्याला ‘व्यापाऱ्याचा धोका’ म्हणता. धोका त्याने दिलाच. पण विचारलं नाही ते तुम्ही. येत्या सभेत, निवडीच्या आधी, उभं राहून एवढंच सांगा की मी विचारायला हवं होतं. कारणं देऊ नका, मागचे उपकार काढू नका, लांबवू नका. ज्या पोराला ‘खाली बस’ म्हणालात त्याच्याकडे बघून सांगा. ह्याला काट्यावर बसण्यापेक्षा कमी धाडस लागतं असं मला वाटत नाही.

आणि सभेच्या आदल्या दिवशी सकाळी पॅकहाऊसवर जा. सातच्या आत, फण्या धुवायच्या टाकीपाशी बायका लागलेल्या असतात तेव्हा. अध्यक्ष आला म्हणून कोणी खुर्ची आणायला धावलं तर नको म्हणा, उभेच राहा. ताईंचा हात मोकळा झाला की त्यांना विचारा, ‘ताई, माझ्याशी बोलताना तुम्हाला कशाची अडचण वाटते?’ त्या आधी ‘काही नाही आप्पा’ म्हणतील. तिथून लगेच निघू नका. त्यानंतर त्या जे बोलतील, ते त्या दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि जमलं तर मलाही कळवा.